हेमराजभाऊंचा रविवारचा मेल

हेमराज बोरोले रस्त्यात भेटले की हात पुढे करतात. नवखा माणूस हात मिळवायला आपला हात देतो आणि फसतो. हेमराजभाऊंना तुमचा हात नको असतो, मोबाईल हवा असतो. तो एकदा त्यांच्या तळहातावर पडला की ते चष्मा कपाळावर चढवतात, तुमच्या इनबॉक्समध्ये बिनदिक्कत शिरतात आणि विचारतात, "उघडला का?"

काय उघडला, हे आपण विचारायचं नाही. विचारलंत तर पाऊण तास गेलाच म्हणून समजा. आमच्या बुऱ्हाणपूरच्या शनवाऱ्यात, भर चौकात, हातातली मावा जिलबी पार गार होईपर्यंत मी हे ऐकलेलं आहे, म्हणून आपलं सांगून ठेवतो.

भाऊ ईमेल बनवतात. लिहीत नाहीत, बनवतात. दुकानवाले गिऱ्हाइकांना रंगीत मेल पाठवतात ना? वर फोटो, मध्ये सवलत, खाली बटण, आणि तुम्ही-आम्ही तो न वाचता उडवतो. तो मेल कोणीतरी बसून, चौकटीला चौकट जुळवून, कोड लिहून तयार करतो, हे मला पन्नाशीपर्यंत माहीतच नव्हतं. आणि शोध घ्यायला गेलो तर तो कोणीतरी आमच्याच लोधीपुऱ्यात, माझ्या भिंतीला भिंत लागून राहणारा शेजारीच निघाला.

पूर्वी ते पॉवरलूमवाल्यांना टॉवेलांच्या काठाची नक्षी काढून द्यायचे. चौकड्यांच्या कागदावर एकेक चौकट रंगवत बसायचे. ते काम बसलं, तेव्हा त्यांनी इंटरनेटवर बघून बघून हे उचललं. आता त्यांचं एक गिऱ्हाईक कॅनडात कुत्र्यांची बिस्किटं विकतं आणि दुसरं ऑस्ट्रेलियात बायकांचे पोहण्याचे कपडे. बुऱ्हाणपूरच्या माणसाने किती पुढे जावं याला काही मर्यादा?

मी इथल्या एका शाळेत गणित शिकवतो. कुत्रा पाळत नाही आणि पोहायला येत नाही. तरीही या दोन्ही दुकानांचे मेल माझ्याकडे रोज येतात, कारण भाऊ ते आधी माझ्या मोबाईलवर तपासून बघतात. "लाडक्या ब्रूनोला वाढदिवसाच्या शुभेच्छा" हा मेल मला एका दिवसात नऊ वेळा आला. नवव्या वेळी मला त्या ब्रूनोबद्दल आपुलकी वाटायला लागली होती.

पोहण्याच्या कपड्यांचं मात्र जमलं नाही. एका संध्याकाळी माझा मोबाईल बायकोच्या हातात होता आणि वर मेल आला, "बरेच दिवस झाले, आम्हाला तुमची आठवण येते." इंग्रजीत होता, पण बायको इंग्रजी घेऊन बीए झालेली आहे. तिने तो उघडला. आत जी बाई होती तिला बहुतेक उकडत असावं. मी भिंतीवर थाप मारून भाऊंना बोलावलं. ते आले, आणि आमच्या संसाराचं काय व्हायचं ते होवो, आधी मोबाईल हातात घेऊन म्हणाले, "वहिनी, बटण गोल दिसतंय ना? चौकोनी तर नाही दिसत?"

वहिनी काय बोलल्या ते मी लिहीत नाही.

हे काम किती किचकट आहे हे मला एकशे सदतीस वेळा सांगितलं गेलं आहे. वेबसाइट बनवणं म्हणे सोपं. मेल अवघड, कारण तो कुठल्या जुन्यापान्या कॉम्प्युटरवर उघडेल याचा भरवसा नाही, आणि जुन्या कॉम्प्युटरला नवीन काही खपत नाही. म्हणून सगळं टेबलांमध्ये बसवायचं. टेबलाच्या पोटात टेबल, त्याच्या पोटात आणखी एक टेबल. रुंदी सहाशे ठिपके, एक इकडे नाही की तिकडे नाही. "सहाशेच्या वर गेलं की खेळ खल्लास, सर!" माझ्या मुलाच्या लग्नाची पत्रिका द्यायला गेलो तर त्यांनी आधी ती आडवी धरून बघितली. "रुंद झाली हो," म्हणाले. अभिनंदन नंतर.

फोटो आला नाही तर काय दिसेल, ही दुसरी काळजी. म्हणून प्रत्येक फोटोच्या मागे ते शब्द लिहून ठेवतात. फोटो नाही उघडला तर निदान शब्द दिसतात. यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. एकदा आमच्याकडे शनवारा दरवाजाचा फोटो उघडलाच नाही आणि त्या जागी आलं, "इथे शनवारा दरवाजा आहे. तो तुम्ही पाहिलेला आहे. पुढे वाचा."

हा दरवाजा आला तो भाऊंच्या स्वतःच्या मेलमध्ये. कॅनडाची सेवा करून मन भरत नाही म्हणून ते दर रविवारी सकाळी दहाला "लोधीपुरा समाचार" काढतात. फुकट. त्रेचाळीस जणांना जातो. आता मला सांगा, बुऱ्हाणपुरात मेल उघडतो कोण? आमच्याकडे माणूस नवीन मोबाईल घेतो तेव्हा दुकानवालाच त्याला मेलचा पत्ता काढून देतो, पासवर्डही तोच ठरवतो, आणि पुढे आयुष्यभर दोन्ही त्या दुकानवाल्यालाच ठाऊक. पण भाऊ घरोघरी फिरले, पासवर्ड खणून काढले आणि अख्ख्या गल्लीला मेल वाचायला बसवलं.

बसवलं म्हणजे अक्षरशः. त्या मेलमध्ये डोळ्याला न दिसणारा एक ठिपका असतो. तुम्ही मेल उघडला की तो ठिपका चुगली करतो, आणि कोणी किती वाजता उघडला याचा तक्ता भाऊंकडे तयार होतो. "ओ सर, रविवारचा मेल तुम्ही मंगळवारी उघडला. तब्येत ठीक ना?" असं मला भाजीबाजारात, लोकांसमोर विचारण्यात आलेलं आहे. मी तीस वर्षं पोरांची हजेरी घेतली, त्याचा सूड असा निघाला.

आता गंमत बघा. मेल उघडण्याआधी, यादीत नुसता पडलेला असतो ना, तेव्हा विषयाच्या शेजारी एक फिकट ओळ दिसते. तुमच्या मोबाईलमध्येही दिसेल. बाकीचे लोक तिथे मेलमधलंच पहिलं वाक्य येऊ देतात. भाऊ तिथे वेगळंच काहीतरी लिहून आत लपवून ठेवतात. मेल उघडला की ती ओळ कुठेच सापडत नाही. न उघडता मात्र स्वच्छ दिसते.

आणि लिहितात काय? विषय असतो, "गुरुवारी टाकी साफ होणार, पाणी भरून ठेवा." शेजारी फिकट ओळ, "दोडक्याची भाजी जमली. मीठ बरोबर." विषय, "महाजन सरांना निवृत्तीच्या शुभेच्छा." ओळ, "गॅसची नळी नवीन बसवली. बीपीची गोळी रोज." तापीला पूर आला तेव्हा सगळ्या गल्लीचा जीव टांगणीला, आणि हे लिहितात, "जास्वंदीला परत कळी. निळा पडदा धुतला."

मी म्हणालो, "भाऊ, तुमच्या दोडक्याशी गावाला काय करायचंय?"

"जो उघडत नाही ना सर, त्याच्यासाठी असते ती ओळ."

"अहो, जो उघडतच नाही त्याला दोडका काबरं सांगता?"

यावर त्यांनी हात पुढे केला. "बघू तुमचा मोबाईल. चार्जिंग कमी वाटतंय."

त्यांच्या मेलमधलं सगळ्यात मोठं बटण कुठलं असेल? "नाव कमी करा." दुसरे लोक ते तळाला, मुंगीएवढ्या अक्षरात ठेवतात. भाऊंनी वरही ठेवलंय आणि खालीही, लालभडक, बैलगाडी जाईल एवढं रुंद. ज्याला जायचं त्याला दार शोधावं लागू नये, हा त्यांचा नियम. धूलकोटला त्यांचा चुलतभाऊ राहतो, त्याने ते बटण रेशनकार्डाचं काहीतरी असेल म्हणून भीतीने दाबलं आणि यादीतून उडाला. दुसरा कोणी असता तर फोन करून नाव परत घातलं असतं. भाऊ बसने धूलकोटला गेले, त्याच्या ओट्यावर बसले आणि विचारलं, "तुझं नाव घालू का?" तो हो म्हणाला. भाऊंनी चहा पिऊन परत विचारलं, "नक्की घालू का?"

"दोनदा विचारावंच लागतं, सर," मला त्यांनी समजावलं. "एकदाचा हो भिडेखातर असतो."

आणि याच्या बरोबर उलटा त्यांचा दुसरा नियम. सहा महिने ज्याने मेल उघडला नाही त्याचं नाव यादीतून काढायचं. अशी निजलेली नावं साठली की मेल पोचवणाऱ्यांना वाटतं हा माणूस कचरा पाठवतो, मग बाकीच्यांचे मेलही कचऱ्यात जातात. यावरून ते कॅनडावाल्याला फोनवर जे झापतात ते ऐकण्यासारखं असतं. "क्लीन! क्लीन! नो लव्ह फॉर लिस्ट!" भिंतीपलीकडून मला रोज ऐकू येतं.

एवढ्या बोलक्या माणसाच्या घरात बोलायला मात्र कोणी नाही. भाऊंची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. एकच मुलगी, निकिता. माझीच विद्यार्थिनी, गणितात हुशार. कॉलेज संपल्यावर दोन वर्षं बापाच्या शेजारी खुर्ची टाकून तिने हेच काम केलं. मग इंदूरला नोकरी लागली. दिवाळीला आली तेव्हा म्हणाली, "बाबा, हे हाताने कोण करतं आता? माऊसने ओढायचं, सोडायचं, हो गया मेल तयार." झालं! भांडण टेबलावरून सुरू झालं आणि घरातली भांडणं कुठून कुठे जातात तसं तिच्या लग्नावर जाऊन पडलं. तिथलाच एक मुलगा तिला पसंत होता. भाऊ नको ते बोलले, तीही बोलली. तिने इंदूरला कोर्टात लग्न केलं, हे गेले नाहीत. त्याला तीन वर्षं झाली. तिचा फोन नाही, यांचा नाही.

मी एकदा धीर करून म्हणालो, "भाऊ, तुम्हीच करा ना एक फोन."

"तिने ठरवलं पाहिजे, सर. बिनविचारलं कोणाच्या घरात शिरायचं नसतं." माझ्या मोबाईलमध्ये रोज शिरणारा माणूस हे मला सांगत होता.

मागच्या थंडीत त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. बुधवारी ऑपरेशन झालं, डोळ्यावर हिरवी पट्टी बसली आणि डॉक्टरांनी पंधरा दिवस कॉम्प्युटर बंद केला. कॅनडाला त्यांनी सुट्टी कळवली. पण लोधीपुऱ्याला सुट्टी कशी देणार? शनिवारी मला समोर बसवलं, स्वतः आरामखुर्चीत पडले आणि मेल सांगायला लागले. मी तीन ठिकाणी चुकलो, पट्टीच्या आतून त्यांना ते कसं दिसलं देव जाणे. शेवटी म्हणाले, "ती फिकट ओळ लिहा. ऑपरेशन बढिया झालं. दुखत नाही. जेवण सरांकडून येतं."

"हे गावाला ठाऊक आहे, भाऊ. डबा गल्लीतूनच येतो."

"लिहा म्हटलं ना."

मी लिहिलं. रविवारी सकाळी दहाला पाच मिनिटं कमी असताना मी एकटाच त्यांच्या कॉम्प्युटरसमोर बसलो, भाऊ मागच्या खोलीत पडलेले. मेल पाठवणार तेवढ्यात पडद्यावर पिवळी पट्टी आली. यादीतला एक पत्ता तीन वर्षांत एकदाही उघडलेला नाही, काढायचा का? पत्त्यात नाव नव्हतंच, नुसती अक्षरं आणि आकडे. मी म्हटलं, बघा, हा जगाला शहाणपण शिकवणारा माणूस आणि स्वतःच्या घरात हा पसारा! आपण काढून टाकू, भाऊ खूश होतील. हो दाबलं. कॉम्प्युटरने परत विचारलं, नक्की? मी पुन्हा हो दाबलं. मग मेल सोडला.

मागच्या खोलीत जाऊन मी ऐटीत सांगितलं, "गेला, भाऊ! आणि तुमचं एक निजलेलं नावही साफ केलं. तीन वर्षं झोपलं होतं लेकाचं."

भाऊ खुर्चीत उठून बसले. "काढलं?"

"तुमचाच तर नियम."

भाऊ शर्टाचं खालचं बटण लावत राहिले, ते आधीच लागलेलं होतं.

"निकूचं होतं ते, सर," म्हणाले.

ते आपणहून बोलायला लागले, हळू, नेहमीचा रुबाब नाही. तिचं नाव ती इथे असतानाच, तिला विचारून घातलेलं होतं. भांडणानंतर ती मेल उघडत नाही हे त्यांना तक्त्यावरून माहीत होतं, पहिल्या रविवारपासून. पण न उघडताही ती ओळ तर दिसतेच. म्हणून दोडका. म्हणून बीपीची गोळी, म्हणून तिने लावलेली जास्वंद आणि तिच्या खोलीचा निळा पडदा. दर रविवारी एक ओळ. "आणि बटण एवढं मोठं ठेवलंय सर, वर पण, खाली पण. एकदा दाबलं की सुटली असती माझ्यापासून. तीन वर्षं झाली, नाही दाबलं तिने. एवढ्यावर चाललं होतं माझं."

मला माझी इतकी लाज वाटली की सांगता येत नाही. तीन वर्षं मी त्या ओळींची टिंगल केली होती, शाळेच्या स्टाफरूममध्ये वाचून दाखवल्या होत्या, लोक पोट धरून हसले होते. मी म्हणालो, "भाऊ, चुकलो. आत्ताच्या आत्ता परत घालतो."

"नाही."

"अहो, काय नाही?"

"विचारल्याशिवाय नाव घालता येत नाही."

"भाऊ, ती तुमची पोरगी आहे!"

"म्हणूनच," ते म्हणाले आणि पट्टीचा डोळा भिंतीकडे करून बसले. मला वाटलं, उठून या माणसाला गदागदा हलवावं. तेवढ्यात खिशात माझा मोबाईल वाजला. नंबर अनोळखी होता. मी उचलला.

"सर, निकिता बोलतेय. सर, बाबा कसे आहेत? मागच्या रविवारी लिहिलं होतं बुधवारी ऑपरेशन आहे. आज सव्वादहा झाले, मेलच नाही आला. काही झालं का, सर? खरं सांगा."

मी कसाबसा म्हणालो, "बरे आहेत गं, एकदम बरे आहेत. चूक माझी आहे." आणि मग राहवलं नाही म्हणून विचारलं, "पण तू तर मेल उघडतच नाहीस ना?"

"उघडला असता तर त्यांना कळलं असतं ना, सर."

मी मोबाईल पुढे केला. आयुष्यात पहिल्यांदा, त्यांनी हात पुढे न करता. भाऊंनी तो घेतला, सवयीने चष्मा कपाळावर चढवायला गेले, चष्मा नव्हताच, बोटं पट्टीला लागली.

"हां," म्हणाले. बराच वेळ नुसतंच हां. मग, "नाही नाही, दुखत नाही. हिरवी आहे. डबा येतो सरांकडून, मीठ जरा कमी असतं." एवढ्यातही आमच्या डब्याला नाव ठेवायचं सुचलं त्यांना. "तुझं नाव चुकून यादीतून निघालं. मी नाही काढलं. सरांनी काढलं."

मी मान खाली घातली.

"तर, परत घालू का नाव?" आवाज एकदम ऑफिसातला काढला होता.

पलीकडून तिचा हो मला चार हातांवरूनही ऐकू आला. रडत होती पोरगी.

"दोनदा विचारावं लागतं, माहिती आहे ना तुला? घालू का?"

परत हो आला.

नियम दोनदा विचारायचा आहे. मी तिथेच उभा होतो, गणित शिकवतो, मोजण्यात चुकत नाही. हेमराजभाऊंनी तिला सात वेळा विचारलं.